सोडणे आणि जुंपणे

जुन्या वाड्याच्या महाद्वाराला एक दिंडी असते. महाद्वार रोज उघडायचे नसते. ते उघडणे म्हणजे दोन माणसांचे बळ, अडसराची ओढाताण आणि बिजागऱ्यांची कुरकुर. रोजची ये-जा दिंडीतून चालते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तींना थोपविण्यासाठी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. परंतु त्याच फळीत माणसापुरती एक दिंडीही ठेवलेली आहे. मोठ्या दाराने भय अडवावे आणि लहान दाराने माणसाला वाट द्यावी, अशी ही वाटणी. ज्यांनी ही दारे घडविली त्यांना एवढे तरी ठाऊक असले पाहिजे की, ज्या दाराला दुसरी वाट नसते ते दार एखाद्या दिवशी भिंत होते.

अमेरिकेतील घरांच्या गॅरेजला जे दार असते त्याला दिंडी नसते. तिच्या जागी एक दोरी असते. छताला टांगलेल्या लोखंडी रुळावरून एक लहानसा गाडा धावतो. मोटर त्या गाड्याला ओढते आणि गाड्याला जोडलेला दांडा दाराला ओढतो. वीज गेली की गाडा जागच्या जागी थिजतो आणि त्याच्याबरोबर दारही. अशा वेळी दाराला गाड्यापासून अलग करता यावे म्हणून गाड्याच्या खिट्टीला ही दोरी बांधलेली असते. तिच्या टोकाला लाल मूठ असते आणि ती जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर लोंबत असावी, असा संकेत आहे. आपल्याकडील रेल्वेच्या डब्यातील साखळीसारखीच तिची गत आहे. रोज डोळ्यांसमोर असते. हात मात्र कोणाचाच तिला लागलेला नसतो.

साताऱ्याच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी २०१९ च्या उन्हाळ्यात मुलाकडे राहावयास गेले, तेव्हा त्यांना या दोरीची गंधवार्ता नव्हती. घरात त्यांना अण्णा आणि माई म्हणत. मुलाचे घर उत्तर कॅलिफोर्नियात, सोनोमा काउंटीतील सांता रोझा या गावाच्या उत्तर टोकाला. गॅरेज घराच्या पोटातच होते. त्याचे दार सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच. नातीने बटण दाबले की ते गुरगुरत वर जाई आणि छताशी आडवे होऊन पडून राही. माईंना त्याचे पहिले काही दिवस कौतुक वाटले. नंतर त्यांच्या लक्षात आले की, घराचे खरे दार हेच आहे. पुढच्या नक्षीदार दाराने कोणी येत नव्हते आणि जात नव्हते. मुलगा, सून, नात, भाजीच्या पिशव्या, सगळे याच दाराने आत येई. तेव्हा त्यांनी पुढच्या दारापुढची आपली रांगोळी हलविली आणि गॅरेजच्या दारापुढे, सिमेंटच्या उतरणीवर, ती काढू लागल्या. मोटारीच्या चाकांनी ती रोज पुसली जाई. माई रोज नवी काढीत.

लाल मूठ त्या घरात लोंबत नव्हती, याला कारण होते. शेजारच्या गल्लीत एकदा चोरी झाली होती. चोराने दाराच्या वरच्या फटीतून एक वाकविलेली तार आत सारली, तिने दोरी अचूक पकडली, खेचली, आणि दार हाताने उचलून तो आत शिरला. हे कळल्यावर मुलाने दोरी वर गुंडाळून प्लास्टिकच्या पट्टीने गाड्याशी घट्ट बांधून टाकली होती. तो वागला ते शहाण्या गृहस्थासारखेच. दाराला दोन भये सांभाळावी लागतात; एक बाहेरून आत येणारे आणि दुसरे आतून बाहेर न जाऊ देणारे. चोराचे भय शेजारी घडले होते, म्हणून ते जवळचे वाटले.

खरे तर दुसरे भयही फार दूरचे नव्हते. ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री त्याच गावावर वणवा चालून आला होता. ‘टब्स’ या नावाने तो ओळखला जातो. त्यात बावीस माणसे दगावली आणि पाच हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्या रात्री वाऱ्याने विजेच्या तारा पाडल्या होत्या आणि घरेच्या घरे अंधारात होती. उत्तर कॅलिफोर्नियातील त्या वणव्यांत मरण पावलेल्यांपैकी काही वृद्ध माणसांना आपल्या गॅरेजचे दार उघडता आले नव्हते. मोटार दाराच्या आत उभी होती, रस्ता दाराच्या बाहेर होता. मध्ये एक दार होते आणि वर कोठेतरी एक दोरी होती. पुढे २०१८ मध्ये त्या राज्याने कायदा केला. १ जुलै २०१९ पासून, वीज गेल्यावरही दार उघडील अशी बॅटरी असल्यावाचून दाराचे नवे यंत्र विकता किंवा बसविता येत नाही. आधी बसविलेल्या यंत्रांना मात्र तो कायदा लागत नव्हता, आणि मुलाच्या घरचे यंत्र जुने होते.

२३ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री गायझरव्हिलजवळच्या डोंगरांत ‘किंकेड’ वणवा पेटला. शनिवारी, २६ तारखेला, हील्डसबर्ग आणि विंडसर ही गावे रिकामी करण्याचा हुकूम निघाला. रविवारी पहाटे त्या हुकुमाची कक्षा सांता रोझाच्या काही भागांपर्यंत पोहोचली. वादळी वाऱ्यात तारांवरून ठिणगी पडू नये म्हणून वीज आधीच बंद करण्यात आली होती. मुलगा कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला. फोन लागत नव्हता. घरात सूनबाई, नऊ वर्षांची नात, अण्णा आणि माई. माईंचे गुडघे दुखरे, त्यामुळे पायी जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो २७ ऑक्टोबर म्हणजे लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. माईंनी आदल्या रात्रीच उटणे काढून ठेवले होते.

अंधारात सूनबाईंनी बटण दाबले. मग पुन्हा दाबले. वीज नाही हे मनाला ठाऊक असते. बोटाला ते पटावयास वेळ लागतो. त्यानंतर त्यांना दोरीची आठवण झाली. नातीने हातातल्या फोनचा उजेड छताकडे धरला, सूनबाई स्टुलावर चढल्या आणि स्वयंपाकघरातील कात्रीने त्यांनी ती प्लास्टिकची पट्टी कापली. लाल मूठ खाली आली. अण्णांनी ती धरून ओढली. काही झाले नाही. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून ओढली, तरी खिट्टी ढळेना. वाऱ्याबरोबर धुराचा वास दाराच्या खालच्या फटीतून आत येत होता. “तुटली तर?” असे सूनबाई म्हणाल्या आणि अण्णांनी हात सैल केला.

माई एका खोक्यावर बसल्या होत्या. वाईजवळच्या एका खेड्यातील शेतकऱ्याची ही मुलगी. लहानपणी भावांच्या मागोमाग शेतावर गेलेली. त्या म्हणाल्या, “अहो, बैल ओढत असताना शिवळ निघते का? आधी ताण उतरवा, मग ओढा.”

अण्णांना शब्द कळले. त्यांचा त्या छतावरच्या गाड्याशी काय संबंध, हे कळावयास क्षणभर लागला. मोटर बंद होताना दाराला जमिनीशी जरा अधिकच दाबून थांबली होती. दाराखालची रबराची पट्टी चेपली गेली होती आणि ती दाराला वर ढकलीत होती. तो सगळा रेटा दांड्यातून गाड्याच्या खिट्टीवर आला होता. खिट्टी दोन रेट्यांमध्ये आवळली गेली होती. अशा खिट्टीला बळाने ओढले तर ती अधिकच अडते. माई उठल्या, दाराच्या मुठीवर दोन्ही तळवे ठेवून त्यांनी दार खाली दाबून धरले. अण्णांनी दोरी सरळ खाली ओढली. ‘खट्’ असा लहानसा आवाज झाला.

सूनबाईंनी दार उचलले. एक इंचावर ते अडले. आतली सरकती कडी लागलेली होती. ती काढली. पुन्हा उचलले आणि या वेळी दार वर आले. ज्या दाराला हलविण्यास मोटर लागते ते किती जड असेल, या भयाने तिघांनीही हात लावले होते. परंतु ते एखाद्या पेटाऱ्याच्या झाकणासारखे सहज वर गेले. “हलकं आहे हो!” असे माई नवलाने म्हणाल्या. मोटार बाहेर निघाली. नेहमीप्रमाणे ती रांगोळीवरूनच गेली.

आता दुसरा पेच पडला. गाड्यापासून सुटलेले दार कोणीही बाहेरून उचलू शकतो. सूनबाई मागे फिरल्या. दार हाताने सावकाश खाली आणून त्यांनी आतून पुन्हा कडी लावली आणि पुढच्या नक्षीदार दाराने, ज्या दाराने कोणी जात नसे त्या दाराने, त्या बाहेर पडल्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरोघर दारे उघडी ठेवावीत, ही माईंची आयुष्यभराची रीत. त्या दिवशी संध्याकाळी त्या दक्षिणेकडे एका परिचितांच्या घरी होत्या आणि दोन्ही दारे नीट लागली आहेत ना, असे सूनबाईंना विचारीत होत्या.

पावणेदोन लाखांहून अधिक माणसांना त्या वणव्याने घराबाहेर काढले. परंतु जीव एकाचाही घेतला नाही. हुकूम उठल्यावर मंडळी परतली. घर होते तसे होते, सर्वत्र राखेचा पातळ थर मात्र पसरला होता. दार तपासण्यासाठी एक कारागीर बोलावण्यात आला, आणि त्याच्या हाताकडे पाहता पाहता अण्णांना त्या हलकेपणाचा उलगडा झाला.

दार हलके नव्हतेच. त्या मापाच्या लोखंडी दाराचे वजन ७० ते १०० किलो भरते. दाराच्या डोक्यावर भिंतीलगत एक आडवा दांडा असतो आणि त्याच्याभोवती जाड तारेची स्प्रिंग पिळलेली असते. दांड्याच्या दोन टोकांना चाके, चाकांवर गुंडाळलेल्या तारा, आणि त्या तारा खाली दाराच्या दोन कोपऱ्यांना बांधलेल्या. दार खाली येते तेव्हा त्याच्याच वजनाने स्प्रिंगला पीळ बसतो. दार वर जाते तेव्हा तोच पीळ उलगडत जातो आणि दाराचा बहुतेक भार स्वतःवर घेतो. म्हणजे दार पडताना जे देते तेच त्याला उठताना परत मिळते. मोटर करते ते केवळ उरलेसुरले काम. कारागिराने गाडा सोडवून दार कमरेइतके उचलले आणि हात काढून घेतला. दार तेथेच, अधांतरी, स्थिर राहिले. तोल ठीक असल्याची हीच खूण, असे त्याने सांगितले. ते खाली घसरले असते तर स्प्रिंग थकली आहे असे समजावयाचे.

अशा स्प्रिंगेचे आयुष्य साधारणतः १०,००० उघडझापांचे धरतात. दिवसाला चार वेळा दार वर-खाली होत असेल तर सातव्या वर्षाच्या आसपास ती केव्हातरी तुटते. ती तुटल्यावर दोरी ओढली तरी गाडा सुटतो. पण सुटलेल्या दाराचा सगळा भार माणसाच्या हातावर येतो. दार वर असताना स्प्रिंग तुटलेली असेल आणि कोणी दोरी ओढली, तर ते दार पाहता पाहता कोसळते. तेव्हा सुटका दोरीने होते असे जे वाटते ते अर्धेच खरे. दोरी केवळ यंत्राचा हात सोडवते. त्यानंतर दार उचलू देते ती स्प्रिंग, जिच्याकडे घरातील कोणीही कधी मान वर करून पाहिलेले नसते.

त्या यंत्राचे माहितीपत्रक अण्णांनी नंतर सवडीने वाचले. खालून वर सरकणारे दार सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये तयार केले आणि १९२६ मध्ये त्यांनीच त्याला विजेची मोटर लावली, हा इतिहासही त्यांनी शोधून काढला. खाली येणाऱ्या दाराखाली मुले सापडून मृत्यू घडले. म्हणून १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या यंत्रांत, दाराखाली कोणी सापडू नये यासाठी अधिकची सुरक्षा-व्यवस्था असली पाहिजे, असे बंधन अमेरिकेत आले. दाराच्या प्रत्येक नियमाच्या मागे असे कोणीतरी उभे आहे, हे त्यांना जाणवले. परंतु त्यांचे मन अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. सूचना इंग्रजीत होत्या. घरात दिवसभर एकटे राहणारे माणूस माई, आणि माईंना इंग्रजी येत नव्हते. दारावर चिकटविलेली तांबडी-पिवळी चिठ्ठी ज्या एका व्यक्तीला सर्वांत अधिक लागणार होती, तिच्यापुरती ती मुकी होती.

मग अण्णांनी त्या सूचना मराठीत आणावयाचे ठरविले. चाळीस वर्षे ज्यांनी भाषांतराविषयी व्याख्याने दिली त्यांना हे काम अर्ध्या तासाचे वाटले होते. ते चार दिवस चालले. गाडा दारापासून अलग करणे, या क्रियेला शब्द कोणता? ‘मुक्ती’ लिहावे तर ती थेट तत्त्वज्ञानात जाते. ‘विमोचन’ लिहावे तर हिंदी पुस्तकाचा समारंभ आठवतो. ‘सुटका’ कैद्याची होते. ‘विलग करणे’ हे शुद्ध होते, निर्दोष होते, आणि धुराने भरलेल्या खोलीत कोणाच्याही ओठांवर येणारे नव्हते. चौथ्या दिवशी त्यांनी कागद माईंना वाचून दाखविला. माईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे औत सोडायचं, असंच ना?”

अण्णांनी कागद खाली ठेवला. औत सोडणे आणि औत जुंपणे. ओढणारा निराळा, ओढले जाणारे निराळे. दोघांमध्ये जू आणि जुवात शिवळ. दुपारी बैल सोडले म्हणजे औत कोठे जात नाही, रानातच राहते. बैलही आपलेच राहतात. त्यांचा संबंध तेवढ्यापुरता सुटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळतो. गाडा आणि दार यांच्यातील नाते नेमके हेच होते. माहितीपत्रकातील दोन लांबलचक इंग्रजी क्रियापदांना मराठीत जोडीने जन्मलेली दोन क्रियापदे आधीच हजर होती. कोशाच्या वाटेने गेलेल्या अण्णांना ती सापडली नाहीत, कारण ज्यांच्या हातांनी ती घडविली त्यांचे हात त्या वाटेवर नव्हते. त्या अंधाऱ्या पहाटे माईंनी शिवळेचे नाव घेतले होते ते उपमा म्हणून नव्हे. त्यांना यंत्र तसेच दिसले होते, आणि म्हणून ते उलगडले होते.

शेवटी पाच ओळींचा कागद तयार झाला. ‘दार पूर्ण खाली असेल तेव्हाच लाल दोरी ओढावी, वर असताना ओढू नये. गाडा सुटत नसेल तर एकाने दार खाली दाबावे, दुसऱ्याने ओढावे. आतली कडी काढून दार दोन हातांनी उचलावे. हलके लागले तरच उचलावे. जड लागले तर स्प्रिंग तुटली असे समजावे, दार सोडावे आणि माणसांनी पुढच्या दाराने बाहेर पडावे. गाडी राहू द्यावी. वीज आल्यावर आधी कडी काढावी, मग बटण दाबावे; गाडा आपोआप जुंपला जाईल.’

चौथी ओळ अण्णांच्या पहिल्या मसुद्यात नव्हती. ती माईंनी घालावयास लावली. “दार उघडेना म्हणून माणसं दारापाशीच झगडत राहतात,” असे त्या म्हणाल्या, “त्यांना कोणीतरी सांगायला हवं की, हे दार सोडा.” २०१७ च्या रात्रीची हकिगत त्यांनी ऐकली होती. ज्या दाराने रोज बाहेर पडावयाचे, त्याच दाराने आजही बाहेर पडता येईल, ही समजूत सोडणेही एक प्रकारचे सोडणेच होते. आणि त्याला कोणतीही दोरी नव्हती.

दोरी पुन्हा बांधायची की नाही, यावर मुलाशी बोलणे झाले. चोराची तार दोरीपर्यंत पोहोचू नये म्हणून त्याने दाराच्या वरच्या फटीमागे आतून एक आडवी पट्टी बसविली आणि मूठ मोकळी सोडली. नातीचा हात सहा फुटांवर पोहोचत नसल्याने खाली एक पक्के स्टूल कायमचे ठेवण्यात आले. महिन्यातून एकदा गाडा सोडून पाहावा, असेही ठरले. तारीख कोणाच्या ध्यानात राहणार नाही म्हणून माईंनी अमावस्या नेमून दिली.

जानेवारीत दोघे साताऱ्याला परत आले. कागद तेथेच, इंग्रजी चिठ्ठीच्या शेजारी चिकटलेला राहिला. नातीला देवनागरी अडखळत वाचता येते. शिवळ म्हणजे काय हे तिला चित्र काढून सांगावे लागले होते. फेब्रुवारीच्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. शाळेचे, पावसाचे, मैत्रिणींचे सांगून झाल्यावर ती माईंना म्हणाली, “आजी, काल मी औत सोडलं होतं. कमरेपर्यंत उचललं आणि हात काढला. ते तिथंच राहिलं.”

“आणि मग?” माईंनी विचारले.

“मग जुंपलं,” नात म्हणाली.